अनुदानाचं वाचनालय बदलायचं, तर विचारायचं कुणाला?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणालाही विचारा, "तुमच्या भागातलं सरकारी वाचनालय कुठलं?" बहुतेकजण स्टेशनजवळच्या जुन्या वाचनालयाचं नाव सांगतील, कुणी महापालिकेच्या अभ्यासिकेकडे बोट दाखवतील. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि त्यात सांगणाऱ्याचा दोष फारसा नाही. काही वाचनालयांना सरकार पैसे देतं पण ती सरकारची नाहीत, काही महापालिकेची आहेत पण त्यांना ग्रंथालय कायदा लागत नाही, आणि ज्याला खरोखर सरकारी म्हणता येईल असं शासकीय जिल्हा ग्रंथालय जिल्ह्यात एकच आहे. म्हणूनच "वाचनालयांची फेररचना लोकांना विचारून करू" असं कुणी म्हटलं, की पहिला प्रश्न पडतो तो कोणत्या वाचनालयांची, आणि ते करण्याचा अधिकार कुणाचा.

आपल्याकडची वाचनालयं सरकारच्या आधीची आहेत. ठाण्याचं नगर वाचन मंदिर १८५० च्या सुमाराचं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ ला सुरू झालं, त्यामागे मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे वि. ल. भावे होते. फक्त मराठी पुस्तकांसाठी एक संस्था काढायची, ही त्या काळात धाडसाचीच कल्पना. ही सगळी वाचनालयं गावातल्या लोकांनी वर्गणी काढून, कुणाची तरी खोली मागून, पुस्तकं दान घेऊन उभी केली. संस्थानी काळात कोल्हापूरने १९४५ मध्ये स्वतःचा ग्रंथालय कायदा केला. मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये फैजी समिती नेमली गेली, तिने खेड्यापर्यंत पोहोचणाऱ्या ग्रंथालयांचा आराखडा मांडला. पण महाराष्ट्र राज्याचा कायदा यायला १९६७ उजाडलं.

हा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आणि त्याखालचे १९७० चे नियम यांवर आजची सगळी यंत्रणा उभी आहे. त्याचा गाभा असा, की सरकार स्वतः गल्लोगल्ली वाचनालयं काढणार नाही. लोकांनी संस्था काढावी, ती नोंदवावी, काही काळ चालवून दाखवावी, मग सरकार मान्यता देईल आणि दरवर्षी अनुदान देईल. मुंबईत नगर भवनात ग्रंथालय संचालनालय, जिल्ह्याला जिल्हा ग्रंथालय अधिकारी, आणि खाली राज्यभरात अकरा-बारा हजार शासनमान्य वाचनालयं अशी ही उतरंड आहे. वाचनालयाच्या पाटीवर "शासनमान्य, तालुका अ वर्ग" असं लिहिलेलं असतं ते यामुळेच.

या पद्धतीचा फायदा उघड आहे. वाचनालय कुणा साहेबाच्या बदलीवर अवलंबून राहत नाही. तोटा मात्र नकाशा उघडल्याशिवाय दिसत नाही. जिथे हौशी, शिकलेली, वेळ असलेली माणसं होती तिथे वाचनालयं झाली, जिथे लोकांना दोन वेळचं जमवण्यातच दिवस जायचा तिथे झाली नाहीत. ठाण्यात जांभळी नाका, नौपाडा या जुन्या भागात वाचनालयांची परंपरा आहे. पण शहर तिथे थांबलं नाही. ते घोडबंदर रोडने कासारवडवलीच्या पुढे गेलं, खाडी ओलांडून कळवा-मुंब्रा-दिव्यापर्यंत गेलं. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर होती. दिव्याच्या माणसाला नौपाड्यात येऊन पुस्तक बदलायचं तर आधी लोकलमध्ये शिरता यायला हवं, आणि दिवा स्टेशन ज्यांना माहीत आहे त्यांना यावर अधिक सांगायची गरज नाही.

नवी मुंबईची गोष्ट निराळी. १९७० मध्ये सिडको आली, आखून-रेखून नोड, म्हणजे वसाहती, केले, शाळा-बाजार-उद्यानांच्या जागा नकाशात ठेवल्या. १९९२ पासून महापालिका. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा हा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो, पण बेलापूर सोडून खारघरला गेलात की रायगड जिल्हा लागतो. हार्बर लोकलमध्ये बसलेल्याला तो फक्त पुढचा थांबा वाटतो, वाचनालयाच्या कागदासाठी मात्र अधिकारी बदलतो, जिल्हा समिती बदलते. शिवाय शासनमान्य वाचनालयांची वर्गवारी जिल्हा, तालुका आणि इतर अशी आहे. ती जिल्ह्याचं गाव, तालुक्याचं गाव आणि खेडी असलेल्या महाराष्ट्राला शोभणारी आहे. ठाणे शहर आणि नवी मुंबई दोन्ही मिळून एकाच ठाणे तालुक्यात येतात. अकरा लाखांवर वस्तीचं नवी मुंबई शहर त्या चौकटीत "इतर" ठरू शकतं, ही गंमत कागदावरच चालते.

संविधानातही शहरी वाचनालय जरा पोरकंच आहे. राज्याने चालवलेली वा पैसे दिलेली ग्रंथालयं हा राज्य सूचीतला बारावा विषय. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत विसाव्या क्रमांकावर ग्रंथालयं असा स्पष्ट उल्लेख आहे. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत मात्र तो शब्द नाही, तिथे उद्यानं आहेत, क्रीडांगणं आहेत आणि सांस्कृतिक-शैक्षणिक बाबींना उत्तेजन असं एक मोघम वाक्य आहे. महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यात गटारं, पाणी, दिवाबत्ती ही बंधनकारक कामं. वाचनालय ऐच्छिक यादीत. म्हणजे महापालिकेने काढलं तर उत्तम, नाही काढलं तर तिला कुणी जाब विचारू शकत नाही. ऐरोलीच्या सेक्टर १५ मधल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातलं ग्रंथालय बघितलं, की ऐच्छिक काम मनावर घेतलं तर काय होतं ते कळतं. पण मनावर घेणं आणि बांधील असणं यात फरक आहे.

पैसा कसा येतो, आणि काय मोजून येतो

अनुदान ठरतं ते वर्गावरून. अ, ब, क, ड. वर्ग ठरतो तो ग्रंथ किती, वर्तमानपत्रं-नियतकालिकं किती, सभासद किती, रोज उघडं किती तास, कर्मचारी किती यावरून. अनुदानाची साधारण निम्मी रक्कम पगारावर आणि उरलेली पुस्तकं, नियतकालिकं, भाडं, वीज, बांधणी वगैरेवर. शिवाय काही हिस्सा संस्थेने स्वतः उभा करायचा.

२०२२ च्या अखेरीस सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली. ऐकायला मोठी वाटते. ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३० हजार मिळत होते, ते ४८ हजार झाले. त्यातले निम्मे, म्हणजे २४ हजार, ग्रंथपालाच्या पगाराचे. महिन्याला २ हजार. एवढ्यात जो माणूस रोज कुलूप उघडतो, झाडतो, पेपर लावतो, पुस्तकं देतो-घेतो आणि पाच-सहा नोंदवह्या भरतो, त्याच्याकडून "जरा लोकांत मिसळून त्यांच्या गरजा समजून घ्या" अशी अपेक्षा करणं मला तरी जड जातं. फेररचनेच्या कुठल्याही आराखड्यात हा पगार पहिल्या पानावर हवा. बहुतेक वेळा तो शेवटच्या पानावर, "आर्थिक तरतुदीच्या अधीन राहून" या शब्दांच्या मागे लपलेला असतो.

दुसरीकडे काय करतात? तमिळनाडू, कर्नाटक, केरळ इथे मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे. तमिळनाडूत १० टक्के, कर्नाटकात ६, केरळात ५. आपल्या कायद्यात उपकर नाही. राज्याने ग्रंथालय निधीत वर्षाला किमान २५ लाख टाकावेत एवढं १९६७ मध्ये लिहून ठेवलं. प्रत्यक्षात सरकार त्याहून कितीतरी जास्त देतं, पण ते दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर ठरतं. उपकर असला की माणसाला वाटतं, माझ्या घरपट्टीतून पैसे जातात, मग माझ्या वॉर्डात वाचनालय कुठे आहे? घोडबंदरच्या मोठमोठ्या संकुलांतून जमा होणाऱ्या घरपट्टीचा विचार केला तर हा प्रश्न किती जोरात विचारला गेला असता याची कल्पना करा.

आता या मोजमापातली खोच सांगतो, कारण लोकसहभागाची सगळी चर्चा शेवटी इथे येऊन अडते. वर्गासाठी ग्रंथसंख्या मोजली जाते. म्हणून वाळवी लागलेली, पानं सुटलेली, वीस वर्षांत कुणी हात न लावलेली पुस्तकंही कपाटात राहतात. बाद करायची, म्हणजे निर्लेखन करायचं, तर त्याची रीतसर पद्धत आहे, पण आकडा घसरला तर वर्ग घसरेल ही भीती कार्यकारी मंडळाच्या मनात असते. तपासणीला अधिकारी येतात तेव्हा दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, सभासद नोंदवही, पावत्या टेबलावर मांडून ठेवलेल्या असतात. दाखल क्रमांकाचा शिक्का पहिल्या पानावर आहे का, ठराविक पानावर आहे का, हे बघितलं जातं. बघायलाच हवं, सरकारी पैसा आहे. पण त्या टेबलावर एकही नोंदवही अशी नसते, जिच्यात "कोण आलं आणि हवं ते न मिळाल्याने परत गेलं" हे लिहिलेलं असेल. अनुदानाचा हप्ता वर्षाच्या शेवटाकडे हातात पडला की मार्चअखेर पुस्तक खरेदीची घाई, आणि घाईत घेतलेली पुस्तकं वाचकाला विचारून घेतलेली नसतात, विक्रेत्याकडे जास्त सवलतीत जी होती ती घेतलेली असतात.

२०१२ मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभरातल्या वाचनालयांची पडताळणी झाली. कागदावरच चालणारी वाचनालयं सापडली, हे खरं. पण त्यानंतर दीर्घकाळ नव्या वाचनालयांना मान्यता आणि जुन्यांना वर्गवाढ मिळणं थांबलं. ज्या वर्षांत दिवा, घणसोली, कासारवडवली फुगत होते त्याच वर्षांत हे दार बंद होतं. जुन्या गावातल्या वाचनालयाला त्याने फार फरक पडला नाही, नव्या वस्तीला मात्र पडला.

विचारायचं म्हणजे काय

लोकांचं मत घेणं म्हणजे देवघेवीच्या खिडकीवर अभिप्राय अर्जांचा गठ्ठा ठेवणं, असा आपल्याकडे समज आहे. तो अर्ज कोण भरतं? जो रोज येतो तो. म्हणजे सकाळी पेपर वाचणारे आजोबा, संध्याकाळी कथा-कादंबऱ्या आणि दिवाळी अंक बदलून नेणाऱ्या काकू, आणि अभ्यासिकेत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं. त्यांची मतं महत्त्वाची आहेतच. पण जी बाई धुण्याभांड्याची कामं आटोपून दुपारी तीनला घरी पोहोचते आणि जिचा मुलगा तिसरीत आहे, ती या खिडकीपाशी कधीच आलेली नाही. तिचं मत गठ्ठ्यात सापडणार नाही.

म्हणून आधी न येणाऱ्याकडे जावं लागतं. दिव्यात संध्याकाळी स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत माणसं उभी असतात, तिथे दोन मिनिटं मिळतात. वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगारांची विश्रांतीची वेळ ठरलेली असते. त्यातले कितीतरी सातारा भागातून आलेले, कोपरखैरण्यात राहणारे, आणि पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारे. मुंब्र्यात विचारायचं तर उर्दूत विचारायला हवं आणि उर्दू पुस्तकं ठेवायची तयारी असायला हवी. नेरुळ-वाशीत मल्याळी, तमिळ, पंजाबी कुटुंबं आहेत, त्यांची मुलं मराठी शाळेत नसली तरी मराठी शिकतात, त्यांना सोपी मराठी पुस्तकं हवी असतात. दिवाळे, सारसोळे अशा गावठाणांत आगरी-कोळी मंडळींना सिडकोच्या सेक्टरमधलं वाचनालय "त्यांचं" वाटतं, आपलं वाटत नाही. तिथे सभा घ्यायची तर देवळाच्या सभामंडपात घ्यावी. दिघ्यात महिला बचत गटाच्या बैठकीत पंधरा मिनिटं मागावीत.

आणि प्रश्न कोणता विचारायचा यावर बरंच अवलंबून असतं. "वाचनालय हवं का?" याला कुणी नको म्हणत नाही. "कोणती पुस्तकं हवीत?" याला उत्तर येतं, "चांगली." त्याऐवजी विचारावं, गेल्या आठवड्यात मुलाला अभ्यासाला शांत जागा कुठे मिळाली? फॉर्म भरायला, माहिती शोधायला कुणाकडे गेलात, किती पैसे दिलेत? शेवटचं पुस्तक हातात कधी घेतलंत आणि ते कुठून आलं? अशा प्रश्नांतून गरज दिसते. मागणी आणि गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मागणीचा आवाज नेहमी मोठा असतो.

सगळ्यात मोठा आवाज आज अभ्यासिकेचा आहे. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण ठाणे-नवी मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक वाचनालयातला हा खरा तंटा आहे. राज्यसेवा, पोलीस भरती, बँक, सीए असा अभ्यास करणाऱ्या मुलांना घरात जागा नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं आणि टीव्ही. त्यांना वाचनालयाची पुस्तकं फारशी नको असतात, त्यांना हवी असते खुर्ची, पंखा, मोबाईल चार्जिंगचा पॉईंट, स्वच्छ संडास आणि रात्री उशिरापर्यंत उघडं दार. खासगी अभ्यासिका महिन्याला चांगले पैसे घेतात. त्यामुळे सभा घेतली की हीच मुलं संख्येने जास्त येतात, मुद्देसूद बोलतात, आणि ठराव होतो, की मुक्तद्वार वाचन विभाग, म्हणजे कुणीही येऊन पेपर वाचावा ती जागा, बंद करून तिथेही टेबलं टाका.

समजा कळव्यात एका ब वर्गाच्या वाचनालयात असं झालं. एक हॉल, एक आतली खोली, एक पोटमाळा. ठराव मान्य केला तर पेपर वाचणारे ज्येष्ठ बाहेर जातील, आणि बालविभाग तर होणारच नाही, कारण मुलं बोलतात. आता सभेत लहान मुलं नव्हती. त्यांना मतही नाही. फ्लॅट नसलेले भाडेकरू सोसायटीच्या सभेत पार्किंगवर बोलू शकत नाहीत, तसंच हे. हात वर करून संख्येवर निकाल लावला तर ज्याला यायला जमलं नाही तो कायम हरतो.

इथे वेळापत्रकाने निम्मा तंटा सुटतो. सकाळी साडेसात ते दहा हॉल पेपरवाल्यांचा, त्या वेळी मुलं आतल्या खोलीत. दहा ते चार पूर्ण हॉल अभ्यासाला. साडेचार ते साडेसहा मुलांचा वेळ, गोष्ट वाचून दाखवायची, आवाज झाला तर होऊ द्यायचा, अभ्यासवाल्यांनी तेवढा वेळ पोटमाळ्यावर जावं. संध्याकाळी देवघेव. रात्री नऊनंतर अभ्यासिका, तिची किल्ली आणि जबाबदारी मुलांच्याच एका गटाकडे, रजिस्टरसह. हे तीन महिने करून बघायचं, रोज प्रत्येक वेळी किती माणसं बसली ते मोजायचं, आणि मग पुन्हा सभा. पहिल्या सभेत भांडण मतांचं असतं, दुसऱ्या सभेत आकड्यांचं होतं, आणि ते बरंच सोपं असतं.

राहिलेला निम्मा तंटा वेळापत्रकाने सुटत नाही, कारण तो जागेचा आहे. आणि जागा वाचनालयाच्या मंडळाच्या हातात नसते, महापालिकेच्या असते. शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात, समाजमंदिरं लग्नाच्या हंगामाबाहेर ओस असतात. पण शाळेच्या खोलीत अनुदानित संस्थेची शाखा चालवायची तर करार, वीजबिल, शिपायाचा जादा भत्ता, काही तुटलं-फुटलं तर कोण भरणार अशा दहा गोष्टी येतात. लोकसहभागाच्या बैठकीत "शाळेचा वर्ग वापरा" हे टाळ्या घेणारं वाक्य असतं. त्यामागची फाईल कुणी बघत नाही.

ठरवणार कोण

अनुदानित वाचनालय ही संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते. तिथे अंतिम शब्द वार्षिक सर्वसाधारण सभेचा. ऐकायला लोकशाही. पण घटना उघडून बघा. अनेक ठिकाणी आजीव आणि साधारण सभासदांना मत असतं, दरमहा वर्गणी भरून पुस्तक नेणाऱ्या वाचक सभासदाला नसतं. म्हणजे रोज वापरणारा बाहेर, आणि तीस वर्षांपूर्वी एकदा पैसे भरून पुण्याला गेलेला आत. त्यात निवडणुकीनंतर नव्या मंडळाची नोंद करून घेण्यासाठीचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात अडकलेला असला तर जुनं मंडळच वर्षानुवर्षं चालू राहतं. या मंडळींना नावं ठेवणं सोपं आहे. भाडं थकलं तेव्हा खिशातून भरणारेही बरेचदा तेच असतात. तरीही माझं मत असं, की अनुदानाच्या अटींतच दोन वाचक प्रतिनिधी आणि त्यातली एक स्त्री असं लिहिलं गेलं पाहिजे. ग्रंथसंख्येची अट घालता येते, तर हीही घालता येईल.

जिल्हा पातळीवर कायद्याने जिल्हा ग्रंथालय समिती सांगितली आहे, राज्याला ग्रंथालय परिषद. तिथे लोकप्रतिनिधी, ग्रंथालय संघांची माणसं, अधिकारी असे सदस्य असतात. केरळात हेच खालून वर निवडणुकीने जातं. संलग्न वाचनालयं तालुका संघ निवडतात, तिथून जिल्हा ग्रंथालय परिषद, तिथून राज्य ग्रंथालय परिषद. त्यामुळे तिथे राजकारणही वाचनालयात शिरतं, हे खरं. पण राजकारण शिरतं म्हणजे त्या जागेला किंमत आहे.

महापालिकेकडे प्रभाग समिती असते, आणि २००९ च्या कायद्याने क्षेत्रसभेची तरतूद केली, ती बहुतांशी कागदावर राहिली. नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून बरीच वर्षं प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात वॉर्डातल्या माणसाला वाचनालयाबद्दल बोलायला नगरसेवकच नव्हता. अशा वेळी आयुक्तांना दिलेलं निवेदन म्हणजे विनंती ठरते, हक्क ठरत नाही.

ब्रिटनमधलं एक उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथल्या १९६४ च्या कायद्याने स्थानिक परिषदांवर सर्वांगीण आणि कार्यक्षम ग्रंथालय सेवा देण्याचं बंधन आहे. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या विरल (Wirral) या भागाच्या परिषदेने ११ वाचनालयं बंद करायचं ठरवलं. ओरड झाली, सरकारने चौकशी नेमली. चौकशीचा मुख्य ठपका असा होता, की परिषदेने बंद करण्याआधी तिथल्या लोकांच्या गरजेची पाहणीच केली नव्हती. परिषदेने निर्णय मागे घेतला. वाचनालय कधीच बंद करता येणार नाही असं त्या कायद्यात नाही. पण गरज न तपासता करता येणार नाही, एवढा आधार लोकांना मिळाला. आपल्याकडे बंद होणारी वाचनालयं आरडाओरडा न होता बंद होतात. आधी एक वेळ बंद, मग आठवड्यातून तीन दिवस, मग कुलूप.

कधी विचारायचं

ठरल्यावर विचारण्यात अर्थ नसतो. महापालिकेचं अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत मांडलं जातं, म्हणजे जागा, दिवे, शाखा यांविषयीच्या मागण्या दिवाळीच्या आसपास कागदावर यायला हव्यात. अनुदानित वाचनालयाची पुस्तक खरेदी मार्चला होणार असेल तर वाचकांची यादी जानेवारीत तयार हवी. कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांतून पुस्तकं, साधनं, इमारतीसाठी मदत मिळते, त्याचे अर्ज संचालनालयामार्फत जातात, त्यांची वेळ जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधीच विचारून ठेवावी.

बैठकीच्या सुरुवातीला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. काय ठरलेलं आहे आणि त्यावर चर्चा नाही, आणि काय अजून मोकळं आहे. इमारत हलणारच असेल तर "हलवावी का" विचारून लोकांचा वेळ खाऊ नये, कुठे आणि किती वाजेपर्यंत हे विचारावं. बैठकीनंतर महिन्याभरात एक कागद पेपरच्या टेबलाशेजारी चिकटवावा. काय मागितलं, काय केलं, काय केलं नाही, आणि का नाही. चौथा रकाना बहुतेक ठिकाणी नसतोच.

तुम्ही स्वतः कुठल्या वाचनालयाचे वाचक असाल तर सुरुवात साधी आहे. सभासदत्वाचा प्रकार पावतीवर बघा, त्याला मत आहे का ते घटनेत बघा. मागच्या वर्षीचा वार्षिक अहवाल मागा. वर्ग कोणता, अनुदान किती, त्यातून पुस्तकांवर किती, हे त्यात असतं. नसेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे माहिती अधिकारात तपासणी अहवाल मागता येतो. सर्वसाधारण सभेची तारीख आणि ठराव किती दिवस आधी द्यावा लागतो ते विचारून घ्या, कारण ऐनवेळी मांडलेला विषय अध्यक्षांच्या परवानगीने येतो, आणि ती परवानगी वेळेअभावी नाकारणं फार सोपं असतं.